दोराचं दुसरं टोक

"अक्का, लेकराला आत न्या. मग मी येतो."

खंडोजी आमच्या परसदाराबाहेर उभा राहून म्हणाला. खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला आखूड पंचा आणि तोंड भिंतीकडे वळवलेलं. बोलावणं मीच धाडलं होतं. सकाळी पाणी शेंदताना माझ्या हातून तांब्याची घागर विहिरीत सुटली होती. ती सासूबाईंच्या माहेरची, त्यामुळे घरात सकाळपासून घागरीचं सुतक चाललं होतं.

माझी क्षमा कपडे धुण्याच्या दगडाआड दडून त्याच्याकडे बघत होती. मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि बाहेरून कडी लावली. "का?" तिने आतून विचारलं. "तो विहिरीत उतरतो म्हणून," मी म्हटलं. "मग?" याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते साडेपाच वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

सत्तावन्न सालची ही गोष्ट. तेव्हा बेंगळुरात आमच्या चामराजपेटेत घरटी एक विहीर असे आणि विहिरीत काही ना काही पडतच असे. बादल्या, घागरी, पोहरे, एकदा तर कुणाचं तरी मंगळसूत्र. काही पडलं की खंडोजीला बोलवायचं. कधी कधी वस्तू पडत नसे, माणूस पडे. तेव्हाही खंडोजीलाच बोलवायचं. या दुसऱ्या कामामुळे तो गल्लीत शिरला की बायका आपापली पोरं आत ओढून घेत. असा नियम कुणी केला होता ठाऊक नाही, पण तो सगळ्यांत कसोशीने पाळणारा माणूस खंडोजीच होता.

बेंगळुरातल्या प्रत्येक मराठी घराण्याचा मूळपुरुष शहाजीराजांच्या घोड्याशेजारून चालत आलेला असतो. आमचाही आला होता आणि खंडोजीचाही. आमच्याने पुढे कचेरीत लेखणी धरली. त्याचा कधीतरी दोर धरून खाली उतरला तो खालीच राहिला. मराठी दोघांचीही टिकली, इतकंच काय ते साम्य.

त्याने आधी पाताळगरडी सोडली. लोखंडी गळांचा झुबका असतो, त्याला इथे पाताळगरडी म्हणतात. ती तळाशी फिरवताना त्याने डोळे मिटून घेतले होते आणि दोर फक्त दोन बोटांत धरला होता. "हितं हाय," तो स्वतःशी म्हणाला. गळ बसेना, तसा स्वतः उतरला. बऱ्याच वेळाने वर आला तो घागर घेऊन, शिवाय तीन वर्षांपूर्वी हरवलेली पळी घेऊन. पळीची आम्हाला आठवणही राहिली नव्हती.

मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. ओल्या हाताने विहिरीचा कट्टा वितीवितीने मोजला.

"एक वीत कमी पडतो, अक्का. पोरगी केवढी?"

"सहावं चालू आहे."

"पवायला शिकवा तिला. शिवाप्पाच्या तोटातल्या बावीत मी शिकवीन. काही घेणार न्हाई." तोट म्हणजे मळा आणि बावी म्हणजे विहीर. खंडोजीच्या मराठीत कानडी अशी कुठेही भेटे.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अहल्या, त्याची बिदागी कट्ट्यावर ठेव नि दार लाव."

मी बिदागी ठेवली आणि दार लावलं. आणि मी, मिडल स्कूलपर्यंत शिकलेली, रोज वर्तमानपत्र वाचणारी बाई, तो गेल्यावर कट्ट्यावर जिथे जिथे त्याची वीत टेकली होती तिथे तिथे पाणी ओतलं. हे सांगायला मला आवडत नाही, पण खंडोजीची गोष्ट सांगायची तर इथूनच सांगायला हवी.

पुढे महिन्याभरात गौरी-गणपती आले. आमच्याकडे मातीचा लहान गणपती घरच्या विहिरीतच सोडतात. सोडताना पोरं रडतात. मग त्यांना सांगायचं, रडू नको, गणप्पा खाली आपल्या आईकडे गेला, गौरीने आता त्याला पान वाढलं असेल. मला माझ्या आईने हेच सांगितलं होतं आणि मी क्षमाला सांगितलं. तिसऱ्या घरातल्या वसुमतीने तिच्या नरसूला सांगितलं. नरसू सात वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातात गोड कडबू घेऊन परसात गेला. गणप्पाला आईने वाढलेलं पुरलं नसेल, असं त्याला वाटलं असावं. कुणी पाहिलं नाही. विहिरीच्या कट्ट्याला टेकवलेला जेवायचा पाट तेवढा सापडला.

त्या दिवशी खंडोजी पळत आला. लेकरं आत न्या म्हणाला नाही. पाताळगरडी त्याने दारातच टाकली. कुणीतरी ती उचलून पुढे केली, तर म्हणाला, "लेकराला गळ लावत न्हाईत." तीनदा खाली गेला. तिसऱ्यांदा रिकाम्या हातांनी वर आला, कट्ट्यावर उभा राहिला आणि दोर ओढू लागला. नरसूला त्याने तळाशी दोर बांधला होता. पुरुष मदतीला पुढे झाले, त्यांना त्याने मानेनेच नाही म्हटलं. एकटा, सावकाश, हातावर हात टाकत ओढत राहिला. मग काठावर काढून ठेवलेल्या स्वतःच्या कोरड्या पंच्यात पोराला गुंडाळलं आणि कुणा पुरुषाच्या हाती न देता थेट वसुमतीच्या मांडीवर ठेवलं. वसुमती तेव्हा ओरडली नाही. पंच्याचं टोक नरसूच्या पायांवर नीट ओढून घेत बसली.

मला तिथे उभं राहवेना. मागच्या बोळात आले तर खंडोजी भिंतीला टेकून बसला होता. मी घरी जाऊन पेलाभर पाणी आणलं.

"ह्या बीदीत आज पाणी घेत न्हाई, अक्का," तो म्हणाला. बीदी म्हणजे आमची गल्ली. जिथून लेकरू काढलं तिथे तो त्या दिवशी पाणी पीत नसे, हे मला नंतर कळलं. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "पवायला शिकायला दोन म्हैने पुरले असते. दोन म्हैने."

घरी आले तर क्षमा विचारते, "अम्मा, नरसू गणप्पाकडे गेला?" वसुमतीने जे खोटं सांगितलं तेच मीही सांगितलं होतं. आमच्या घरात पाट उंच फळीवर ठेवायची पद्धत होती, एवढाच काय तो फरक.

त्याच रात्री जेवताना मी क्षमाला खंडोजीकडे पोहायला पाठवायचा विषय काढला. सासूबाईंना आम्ही कानडी रिवाजाप्रमाणे अत्ते म्हणत असू. अत्ते म्हणाल्या, "मुडदे काढणाऱ्याच्या हातात पोर देणार? ज्या हाताने आज नरसूला..."

"त्याच हाताने," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाच्या हाताला पाण्याचं एवढं कळतं?"

माझे यजमान हयवदनराव सेक्रेटरिएटात कारकून. त्यांनी आयुष्यात कुठलाही कागद वरच्या साहेबाला दाखवल्याशिवाय पुढे सरकवला नव्हता. "स्वल्प थांबू या," ते म्हणाले. "आता थंडी येईल. बघू." थंडी आली. मी विसरले असं सगळ्यांना वाटलं. शिवरात्र झाली, ऊन तापू लागलं आणि एका रविवारी सकाळी मी क्षमाचा हात धरून घराबाहेर पडले. अत्ते देवघरात होत्या. त्यांनी घंटा नेहमीपेक्षा जरा जोरात वाजवली.

शिवाप्पाचं तोट केंपांबुधी तळ्याच्या अलीकडे होतं. आता तिथे घरांच्या दोन ओळी झाल्यात आणि खंडोजी जाऊनही दोन वर्षं होत आली. तेव्हा तिथे कोथिंबीर, मेथी आणि शेवंती होती. मधोमध चौकोनी विहीर, एका बाजूने दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या आणि समोरच्या बाजूला नव्या विजेच्या पंपाचा लोखंडी पाइप. खंडोजीने मला पाहिलं आणि नेहमीसारखं तोंड वळवलं. मग क्षमा दिसली. काय करावं त्याला सुचेना. माझ्या पोरीने आणि त्याने एकमेकांकडे समोरासमोर पाहण्याची ती पहिलीच वेळ.

"झगा नवा हाय का?" त्याने विचारलं.

"शाळेचा आहे. पोहायला वेगळा आणलाय, जुना."

"शाळेचाच ऱ्हाऊ दे. बूट बी ऱ्हाऊ देत. लेकरू पडतं ते शाळेच्या कपड्यांतच पडतं."

पहिले दोन रविवार त्याने पोहणं शिकवलंच नाही. पडणं शिकवलं. पायरीवरून कपड्यांसकट, बुटांसकट पाण्यात पडायचं. पडलं की ओरडायचं नाही, तोंड मिटायचं. पाठीवर व्हायचं आणि आभाळ बघायचं. "आभाळ दिसलं की तू वर हाईस," तो सांगे. "आभाळ दिसतंय तोवर घाबरायचं न्हाई. मग भिंत शोधायची." क्षमाच्या पाठीला सुक्या भोपळ्यांची जोडी आणि काखेतून दोर. दोराचं दुसरं टोक खंडोजीच्या मनगटाला दोन वेढे देऊन मुठीत.

त्याच्यासारखा शिकवणारा मी अजून पाहिला नाही. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. क्षमा नाकातोंडात पाणी जाऊन रडली की तो कानडीतलं 'बरं' लावून म्हणे, "रड, सरी. पण पाठीवर पडून रड." आणि ती पाठीवर पडून, आभाळाकडे बघत, भोकाड पसरी. मला हसू येई.

हळूहळू आणखी पोरं आली. वसुमतीचं घर सगळ्यांनी पाहिलं होतंच, फक्त पहिलं कुणी जातं का याची वाट होती. गिरणीतले मल्लाप्पा आपले दोन मुलगे घेऊन आले, मग त्यांच्या शेजारचे. अत्ते एकदाही आल्या नाहीत. पण चौथ्या रविवारी माझ्या पिशवीत त्यांच्या जुन्या मऊ लुगड्याची एक पट्टी घडी घालून ठेवलेली निघाली. दोराने क्षमाच्या काखेत वळ उठले होते. ती पट्टी दोराखाली घातली की वळ उठेनासे झाले.

महिन्याभराने एक भोपळा सुटला, पुढच्या महिन्यात दुसरा. क्षमा हात मारू लागली, पाय झाडू लागली. या भिंतीपासून त्या पाइपापर्यंत जाऊन परत येऊ लागली. मी पायरीवर बसून बघायची आणि अभिमानाने फुगायची. आता दोर सुटणार, पुढच्या रविवारी सुटणार, असं म्हणता म्हणता एप्रिल गेला, मे निम्मा सरला. दोर काही सुटेना. खंडोजी पोरांबरोबर पाण्यात उतरला तरी एक हात त्यांच्या पोटाखाली ठेवूनच असे. वर आला की दोर मनगटाला. मल्लाप्पांचा थोरला तर इतका चांगला पोहू लागला होता की दोरच त्याच्या पायांत अडकायचा.

"मामा सोडतच नाहीत," क्षमा म्हणायची. पोरं त्याला मामा म्हणत.

मोठी माणसं जास्त बोलू लागली. मल्लाप्पा एकदा माझ्यादेखत म्हणाले, "हा शिकवत नाही हो, बांधून ठेवतो." मला राग आला, पण त्यांचं खरं होतं. ज्याला पोहता येत नाही ते पोर पाण्याला भितं तरी. ज्याला आपल्याला पोहता येतं असं वाटतं आणि ज्याने दोराशिवाय एक हातही मारलेला नाही, त्याचं काय करायचं?

मेच्या शेवटच्या आधीच्या रविवारी पोरं पांगल्यावर मी मागे थांबले. खंडोजी दोर पिळून वाळत घालत होता.

"दोर का सोडत नाही तुम्ही?" मी सरळच विचारलं.

मग त्याने उजवा कान माझ्याकडे केला. डावा कान खोल पाण्याच्या दाबाने कधीच गेला होता.

"अक्का, लेकरू बुडताना आवाज करत न्हाई. गप जातं. आणि केला आवाज तरी मला कुठला ऐकू यायला? मला जे कळतं ते ह्या हाताला." त्याने मूठ उघडून दाखवली. तळव्यावर दोराचा पांढरा पट्टा पडला होता. "जितं लेकरू दोराला गचके देतं. हात मारला, गचका. पाय मारला, गचका. ते लागतायत तोवर माझा जीव जाग्यावर असतो."

"आणि..." मला पुढे विचारवेना. त्यानेच सांगितलं.

"दुसरं एकसारखं येतं. जड नसतं, अक्का. पाण्यात लेकराला वजनच नसतं. नुसतं येतं, न ओढता आल्यासारखं. कट्ट्यावर आलं की मग वजन येतं." त्याने मूठ मिटली. "आजवर लई लेकरं ओढली ह्या हातानं. गचके देणारी ही पयलीच. दोर सोडला की हाताला काहीच लागत न्हाई. मग ह्याला कसं कळायचं, कुठलं लेकरू हाय ते?"

हाताबद्दल तो असं बोलत होता की जणू ते घरातलं वेगळं माणूस होतं आणि त्याची समजूत काढणं याला जमत नव्हतं. मी घरी आले. त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागलं नाही.

मेचा शेवटचा रविवार. जूनला शाळा उघडणार, मग पाऊस, मग विहीर भरून पाणी गढूळ. म्हणजे आजचा दिवस गेला की वर्ष गेलं. मल्लाप्पा मुलांना घेऊन आले, पण मुलांचे कपडे त्यांनी ओले होऊ दिले नाहीत.

"खंडोजी, तीन महिने झाले," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाज समजुतीचाच होता. "आज एकाचा तरी दोर सुटलेला मला बघू दे. नाहीतर पुढल्या वर्षापासून आमची पोरं येणार नाहीत. इतरांचंही हेच म्हणणं आहे."

इतर चार जण मेथीच्या वाफ्याकडे बघू लागले.

"सरी," खंडोजी म्हणाला. "क्षमव्वा, ये."

माझी पोर शाळेच्या झग्यात, बूट घालून, पायरीवर जाऊन उभी राहिली. खंडोजीने तिच्या पाठीवरची गाठ सोडली. लुगड्याची पट्टी काढून माझ्याकडे दिली. क्षमा एक पायरी उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागलं, आणि खंडोजीने तिला दंडाला धरून मागे घेतलं आणि दोर पुन्हा बांधला. गाठ तपासली. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने पुन्हा सोडला. या वेळी क्षमा गुडघाभर पाण्यात गेली. तो पाण्यात गेला, तिला उचलून वर घेऊन आला आणि तिसऱ्यांदा बांधू लागला. बोटांना गाठ मारता येईना.

तो पायरीवर बसला. दोर त्याच्या मांडीवर पडला.

"अक्का, मला जमत न्हाई," तो म्हणाला. "ह्यांचं बरोबर हाय. दुसरा कोण शिकवणारा बघा. ह्या हातानं ते काम व्हायचं न्हाई."

मल्लाप्पांना काही हा माणूस मोडायचा नव्हता, ते पंपाकडे बघत उभे होते. क्षमा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मला दिसत होतं की आता हा उठेल, दोर खांद्यावर टाकेल आणि मागच्या बोळांतून घरी जाईल. पुन्हा त्याला कुणी बोलावलं तर ते घागरीसाठी, नाहीतर त्या दुसऱ्या कामासाठी. आणि त्याचा हात जन्मभर तेवढंच ओळखत राहील. मला त्याची इतकी दया आली आणि त्या कट्ट्यावर ओतलेल्या पाण्याची इतकी लाज वाटली की माझं मलाच कळायच्या आत मी दोराचं टोक उचललं होतं.

"मला बांधा," मी म्हटलं.

"काय?"

"पोरीला सोडा आणि मला बांधा. तुमच्या हाताला काहीतरी लागायला हवं ना? मग मी आहे. मला पोहता येत नाही, गचके मात्र देता येतील."

मल्लाप्पा "अहो बाई" म्हणाले. मी ऐकलं नाही. पदर खोचला, दोर कमरेभोवती घेतला आणि अत्त्यांच्या लुगड्याची पट्टी त्याखाली घातली. गाठ खंडोजीनेच मारली, कारण मला ती येत नव्हती. मारताना त्याची बोटं अडली नाहीत. मोठ्या माणसाची त्याला भीती नव्हती.

मी जन्मात बादलीपेक्षा खोल पाण्यात गेले नव्हते. दुसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. चौथीवर पाणी गुडघ्यांना आलं, सहावीवर कमरेला, आणि नऊवारी फुगून माझ्याभोवती तरंगू लागली. थंडी आणि भीती यांत मला फरक कळेना. डोळ्यांपुढे अत्ते आल्या, सेक्रेटरिएट आलं, अख्खी चामराजपेट आली. मग पाठीमागे दोर ताणला गेला आणि खंडोजीचा आवाज आला, "धरलंय, अक्का."

तेव्हा मला कळलं की तीन महिने माझ्या पोरीला काय वाटत होतं ते.

"अम्मा, तू बुडशील," क्षमा म्हणाली.

"मी दोराला आहे. तू जा."

ती गेली. बुटांसकट झेप घेतली आणि हात मारू लागली. मी मागे वळून पाहिलं. खंडोजी पायरीला टाच रोवून उभा होता आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. विहिरीकडे तो बघतच नव्हता. मी दोर दोन्ही हातांनी धरला. क्षमाने उजवा हात मारला, मी गचका दिला. डावा मारला, पुन्हा दिला. ती हात मारी आणि मी ओढी. थोड्या वेळाने आमची लय जमली. तिचं पोहणं माझ्या कमरेवरून त्याच्या मुठीत जाऊ लागलं.

विहिरीच्या मध्यावर तिने पाणी गिळलं. डोकं खाली गेलं. माझे हात जागच्या जागी थांबले.

"अक्का," मागून खंडोजी म्हणाला. एवढंच म्हणाला, पण दोर असा ताठ झाला की माझा पाय पायरीवरून सुटतो की काय.

मला ओरडायचं होतं. तेवढ्यात पाण्यावर झगा दिसला, मग चेहरा. ती पाठीवर झाली होती. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे सताड उघडे. ती आभाळ बघत होती. मल्लाप्पांनी सदऱ्याची बटणं सोडून टाकली होती, ते काठावर आले होते, मी हातानेच त्यांना थांबवलं. क्षमा दोन-तीन श्वास तशीच पडून राहिली. मग वळली आणि तिने एक हात मारला.

मी गचका दिला. मागे खंडोजीने रोखलेला श्वास सोडला, तो मला पाण्यात उभ्या उभ्या ऐकू आला. मी रडत होते, पण हात चालू होते. उजवा, डावा, उजवा, डावा. मग क्षमाने लोखंडी पाइपाला मिठी मारली आणि ओलं तोंड आमच्याकडे फिरवून खोकत खोकत हसली. मल्लाप्पा आपल्या थोरल्याचं बोट धरून पायऱ्यांशी आले.

"पोचली?" खंडोजीने विचारलं. डोळे अजून मिटलेलेच.

"पोचली," मी म्हटलं. कमरेचा दोर सोडायला मी गाठीकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या, अक्का," तो म्हणाला. "परत यायचंय तिला."

मी गाठ सोडली नाही. दोर पुन्हा दोन्ही हातांत धरला आणि क्षमा पाइप सोडायची वाट बघत उभी राहिले.